लिव्हरपूलचे ८, ब्रूम टेरेस : एका रांगेतल्या घरात सुरू झालेली मशीद

इंग्लंडमधली पहिली मशीद कोणती, असं विचारलं की बरेचजण वोकिंगच्या शाहजहान मशिदीचं नाव घेतात. मशीद म्हणूनच बांधलेली तिथली पहिली इमारत ती, १८८९ सालची. पण त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये एका साध्या राहत्या घरात मशीद सुरू झाली होती. आज त्या घराची माहिती घेऊ या.

घर कसं आहे?

वेस्ट डर्बी रोडवरची ब्रूम टेरेस ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली घरांची रांग आहे. ‘टेरेस’ म्हणजे इथे गच्ची नव्हे. आपण रो हाऊस म्हणतो तशी एकाला एक लागून, मधली भिंत सामाईक असलेली ही घरं. खाली तळघर, वर मजले, समोर गिलाव्याची पांढरी भिंत आणि एका ओळीत उंच खिडक्या. ना घुमट, ना मिनार. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत मशीद आहे हे कळणारही नाही.

खरी गंमत मागच्या बाजूला आहे. तिथे नमाजसाठी दालन वाढवलं गेलं आणि त्याला मुस्लिम स्थापत्याच्या कमानी दिल्या गेल्या. पुढून इंग्रजी घर, मागे इबादतखाना! हेच या वास्तूचं वेगळेपण.

कोणी सुरू केली?

लिव्हरपूलचे वकील विल्यम हेन्री क्विलियम यांनी मोरोक्कोच्या प्रवासानंतर, १८८७ मध्ये इस्लाम स्वीकारला आणि अब्दुल्लाह हे नाव घेतलं. १८८९ मध्ये त्यांची संस्था या घरात आली. इथे शाळा चालली, ‘द क्रेसेंट’ हे साप्ताहिक निघालं. यतीम व निराधार मुलांसाठी संस्थेने ‘मदिना होम’ही चालवलं. विरोध खूप झाला, दगड-चिखल फेकले गेले, पण काम थांबलं नाही. बंदरावर आलेल्या हिंदुस्थानी खलाशांपैकी कोणी परदेशात वारला, तर त्याच्या जनाजाची सोयही हीच जमात करायची. घरापासून हजारो मैलांवर कुणीतरी जनाजाची नमाज पढवणारा होता, ही लहान गोष्ट नाही.

पुढे काय झालं?

१९०८ साली क्विलियम इंग्लंड सोडून गेले आणि जमात विखुरली. घर नगरपालिकेकडे गेलं. तिथे जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचं कार्यालय आलं आणि नमाजच्या दालनात दप्तर ठेवलं गेलं. कार्यालय हलल्यावर इमारत रिकामी पडली, खराब झाली. शेवटी क्विलियम यांच्या नावाने स्थापन झालेल्या सोसायटीने लोकवर्गणीतून दुरुस्ती हाती घेतली आणि २०१४ मध्ये इथे पुन्हा नमाज सुरू झाली. ही वास्तू आता कायद्याने संरक्षित आहे.

आपल्यासाठी

इमारतीची किंमत फक्त नक्षीत नसते, तिथे काय घडलं त्यातही असते. आपल्या गावची जुनी मशीद, मदरसा किंवा वाडा पाडण्याआधी एवढं तरी करा : फोटो काढा, वक्फची कागदपत्रं जपा आणि मोठ्यांना विचारून तिथला इतिहास लिहून ठेवा. लिव्हरपूलचं घर शंभर वर्षांनी परत मिळालं, कारण ते उभं होतं. पाडलेलं परत मिळत नाही.