सभा, अधिवेशन, मेळावा आणि 'परिषद': एका राजकीय शब्दाचा प्रवास

१/ पेठ वडगावचा कारभार नगरपरिषद पाहते. गळीत हंगामाच्या तोंडावर या पट्ट्यातील ऊस उत्पादकांचे लक्ष जयसिंगपूरच्या ऊस परिषदेकडे लागते आणि याच हातकणंगले तालुक्यातील माणगावात १९२० साली एक ऐतिहासिक परिषद भरली. राजकीय एकत्र येण्याला सभा, मेळावा, अधिवेशन अशी नावे असताना 'परिषद' वेगळी का?

२/ परि + सद् म्हणजे भोवती बसणे. धर्मशास्त्रात परिषद म्हणजे वादग्रस्त प्रश्नावर निर्णय देणारे जाणकारांचे मंडळ. केवळ जमणे नव्हे, तर बसून निर्णय देणे हा या शब्दाचा जुना गाभा होय.

३/ एकोणिसाव्या शतकात मात्र संस्थेसाठी 'सभा' हा शब्द रूढ होता. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचा सभासद होण्यासाठी किमान ५० लोकांचे मुखत्यारपत्र लागे. १८८५ साली मुंबईत ७२ प्रतिनिधींनी सुरू केलेल्या काँग्रेसलाही मराठीत 'राष्ट्रीय सभा' म्हणत. सभा ही संस्था आणि तिची वार्षिक बैठक म्हणजे 'अधिवेशन', असा हा भेद होता.

४/ पुढे राजकारण मैदानात आले आणि 'सभा' म्हणजे वक्त्याचे भाषण ऐकायला जमलेला समुदाय, हा अर्थ बळावला. मुखत्यारपत्र मागे पडले, श्रोता पुढे आला.

५/ २१ व २२ मार्च १९२० रोजी, तत्कालीन कागल जहागिरीतील माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राजर्षी शाहू महाराज स्वतः उपस्थित राहिले आणि तुम्हाला तुमचा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. हे उद्गार सर्वांना ठाऊक असतात. परिषदेने संमत केलेले ठराव मात्र क्वचितच आठवले जातात. शिक्षण, माणूस म्हणून समान हक्क आणि कायदेमंडळात स्वतःचे प्रतिनिधी या मागण्या त्यांत होत्या.

६/ तेव्हा आंबेडकरांपाशी पक्ष नव्हता. 'मूकनायक' सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. स्वतंत्र मजूर पक्ष निघाला तो १९३६ साली. ज्यांना सत्तेच्या सभागृहात जागा नव्हती, त्यांनी परिषद भरवून आपले म्हणणे ठरावाच्या रूपात नोंदवले. ठराव लेखी असतो, त्यामुळे तो पुढे पुन्हा दाखवता येतो आणि त्याचा जाब मागता येतो.

७/ संस्थानांत या शब्दाला आणखी एक अर्थ लाभला. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात, संस्थानांतील लढे काँग्रेसच्या नावाने न लढवण्याचे धोरण ठरले. १९३९ साली माधवराव बागल यांच्या नेतृत्वाखाली कोल्हापुरात प्रजा परिषद उभी राहिली. निजामाच्या राज्यात १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. तेथे हैदराबाद स्टेट काँग्रेसवर मात्र १९३८ मध्ये बंदी आली. पक्षाचे काम करणारी संघटना अशा ठिकाणी 'परिषद' या नावाने वावरली. भरणारी बैठक आणि कायमची संघटना, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात मावले.

८/ स्वातंत्र्यानंतर पक्ष उघडपणे काम करू लागले आणि शब्दांची वाटणी झाली. धोरण ठरते ते अधिवेशनात. शेतकरी कामगार पक्षाचा १९५० चा 'दाभाडी प्रबंध' हे त्याचे ठळक उदाहरण. 'मेळावा' हा मिळण्याचा, भेटण्याचा शब्द. तेथे कार्यकर्ते एकत्र येतात, नेते दिशा देतात. मेळाव्यात ठराव झालाच पाहिजे, अशी अपेक्षा नसते.

९/ स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद म्हणूनच लक्षणीय ठरते. यंदा पहिली उचल किती हवी, हे तेथे जाहीर होते आणि साखर कारखान्यांशी होणाऱ्या वाटाघाटी त्या आकड्याभोवती फिरतात. जमाव, भाषणे, घोषणा सर्व काही सभेसारखेच. पण शेतकरी घरी घेऊन जातो तो आकडा.

१०/ नगरपरिषदेत आजही जुनी शिस्त दिसते: संस्था ती परिषद, तिची बैठक ती सभा आणि सभेचे ठराव इतिवृत्तात नोंदलेले. पुढच्या वेळी एखाद्या फलकावर 'परिषद' हा शब्द दिसला, तर दोन प्रश्न विचारावेत. तेथे कोणता ठराव झाला? आणि तो मांडण्याचा, त्यावर हात वर करण्याचा अधिकार जमलेल्यांपैकी कोणाला होता?