कोलू पाटलाचे तळे

महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबे प्रवासास निघाली म्हणजे त्यांची पावले बहुधा ठरलेल्या वाटांनीच पडतात. उन्हाळ्यात महाबळेश्वर किंवा माथेरान, हिवाळ्यात वेरूळ-अजिंठा, आणि इतिहासाची आवड असेल तर सह्याद्रीवरील एखादा किल्ला. राज्याच्या अगदी पूर्वेस, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमांना लागून असलेला गोंदिया जिल्हा ह्या यादीत सहसा येत नाही. हावड्याकडे जाताना लागणारे एक मोठे जंक्शन, एवढीच त्याची ओळख पुष्कळांस असते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा वयाने लहान खरा. परंतु तेथील भूमीने जो इतिहास जपला आहे, तो लहान नव्हे.

ह्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांध नावाचे गाव आहे. तेथील विस्तीर्ण जलाशय, त्याभोवतीच्या टेकड्या आणि दाट अरण्य यांची कीर्ती निसर्गप्रेमी मंडळींत बरीच आहे. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. मारुती चितमपल्ली यांच्या लेखणीने तर हे रान मराठी वाचकांच्या घरोघरी पोचविले. त्यामुळे जे थोडे प्रवासी इकडे येतात, ते वाघ आणि पक्षी पाहावयास येतात. तळे पाहून त्यांस वाटते, सृष्टीने येथे केवढे औदार्य दाखविले आहे!

परंतु गावाच्या नावातील ‘बांध’ हा शब्दच त्यांस थांबवून सांगत असतो की, हे सृष्टीचे दान नव्हे. हे माणसाचे काम आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद ज्या सुमारास नागपूर वसवीत होता त्याच सुमारास, कोलू पाटील नावाच्या कोहळी गृहस्थाने हे तळे बांधले. कोहळी ही वैनगंगेच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांची जात. भात आणि ऊस पिकविण्यात व तळी बांधण्यात निष्णात. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असता तेथील ह्या लोकांचे कौशल्य पाहून त्याने त्यांस आपल्या मुलखात आणले, अशी परंपरा त्यांच्यात सांगितली जाते. तळ्याभोवतीच्या टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. तळे पुरे करण्यास ह्या देवतांनी हात दिला, अशी श्रद्धा आहे. स्वतः कोलू पाटलास लोकांनी ‘कोलासुर’ म्हणून देवत्व दिले व एका शिखरावर त्याचे ठाणे केले.

ह्या कामाचे महत्त्व कळण्यास तेथील शेतीकडे पाहिले पाहिजे. वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस पुष्कळ पडतो, पण तो चार महिन्यांतच. भाताच्या लोंब्या भरण्याच्या वेळी हस्ताचा पाऊस चुकला, तर वर्षभराचे श्रम बांधीतच वाळून जातात. त्या एका पाण्यासाठी ही सारी खटपट. जमिनीचा उतार केवळ नजरेने जोखावयाचा, टेकड्यांमधील वाट मातीच्या पाळीने अडवावयाची, वरच्या तळ्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात उतरवावयाचे, आणि अशा रीतीने थेंबाकडून अनेक वेळा काम करवून घ्यावयाचे. श्रीलंकेत बाराव्या शतकात राजा पराक्रमबाहूने पोलोन्नरुव येथे बांधविलेला ‘पराक्रम समुद्र’ पाहण्यास जगभरचे प्रवासी जातात. तो राजाचा पराक्रम होता. येथील पराक्रम गावच्या पाटलाचा आहे, हाच काय तो भेद.

मग हे स्थळ इतिहासाच्या यात्रेतून का वगळले गेले? आमच्या मते दोष आमच्या इतिहासदृष्टीचा आहे. इतिहास म्हटला की आम्हांस राजा हवा, लढाई हवी, घडीव दगड हवा. मातीची पाळ, तिच्यावर तीनशे वर्षांत वाढलेले वृक्ष, आणि तिच्याखालची हिरवी बांधी यांत आम्हांस इतिहास दिसत नाही. फार तर देखावा दिसतो.

ही केवळ दृष्टीची उणीव असती, तर तिची फारशी खंत नव्हती. परंतु जे निसर्गदत्त मानले जाते, त्याची निगा राखण्याचे कर्तव्य कोणासच वाटत नाही. भंडारा-गोंदिया भागात अशी लहानमोठी तळी व बोड्या हजारोंनी आहेत. तो मुलूख मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली, आणि १९५१ पासून तळी सरकारकडे गेली. ‘माजी मालगुजारी तलाव’ ह्या सरकारी नावाचा लोकांनी ‘मामा तलाव’ असा सुटसुटीत संक्षेप केला. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. पण तिच्याबरोबर पाळ दुरुस्त करण्याची व गाळ काढण्याची गावाची जुनी शिस्तही ढिली पडली. अनेक तळी उथळ झाली, कित्येकांत बेशरमाचे रान माजले. भातशेती आणि तळी यांच्याच आधाराने सारस पक्षी ह्या जिल्ह्यात टिकून आहे. महाराष्ट्रात त्याचा मुख्य आसरा हाच. समाधानाची गोष्ट ही की, अलीकडे काही गावांत ढीवर समाजातील स्त्रियांनी एकत्र येऊन तळ्यांतील बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या व मासळीस आसरा करून दिला. कोलू पाटलाचा खरा वारसा आज त्यांच्या हाती आहे.

तेव्हा वाचकांस आमची सूचना एवढीच आहे. गोंदियास अवश्य जावे, वाघ दिसल्यास आनंद मानावा. परंतु नवेगावच्या पाळीवर घटकाभर उभे राहून एका बाजूचे पाणी आणि दुसऱ्या बाजूचे शेत ही दोन्ही एकाच दृष्टीने पाहावीत. ह्या दोहोंच्या मधली ती मातीची रेघ म्हणजे आमच्या प्रांताच्या इतिहासाचे एक पान आहे. ते वाचणारे वाढले, तर ते राखणारेही वाढतील.