‘मेमरी अपुरी आहे’ : एका संदेशाचा इतिहास

विंडोज ९५ किंवा विंडोज ९८ या कार्यप्रणालींवर ज्यांनी काम केले आहे, त्यांना एक संदेश निश्चित आठवत असेल. पुरेशी मेमरी उपलब्ध नाही, एखाद-दुसरा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करावा, अशा आशयाचा. हा दोन वाक्यांचा मजकूर संहिता म्हणून वाचण्याजोगा आहे. त्यातील निदान बहुतेक वेळा दिशाभूल करणारे असे आणि उपचार मात्र बरोबर.

‘मेमरी’ म्हणजे रॅम, हे समीकरण तोवर पक्के झाले होते. साहजिकच निदान वाचून लोक ३२ मेगाबाइटच्या जागी ६४ मेगाबाइट बसवून घेत. संगणक थोडा चपळ होई. पण चार-सहा प्रोग्रॅम उघडले की तोच संदेश पुन्हा हजर. जागा मुबलक असताना यंत्र जागा नाही म्हणते, या कोड्याची मुळे १९८५ मध्ये, विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत आहेत.

ती आवृत्ती १६ बिटांच्या प्रोसेसरसाठी रचलेली होती. १६ बिटांच्या पत्त्याने ६५,५३६ घरेच मोजता येतात. म्हणजे ६४ किलोबाइट. विंडोजचे दोन घटक येथे महत्त्वाचे. ‘यूजर’कडे खिडक्या आणि मेनू यांचा कारभार, तर ‘जीडीआय’कडे रेखाटनाचा : पेन, ब्रश, फॉन्ट, चित्रे. प्रत्येकाने आपल्या नोंदी एकाच ६४ किलोबाइटच्या कप्प्यात ठेवल्या. ‘सिस्टिम रिसोर्सेस’ म्हणत ते या कप्प्यांतील शिल्लक जागेला. ‘साधनसंपत्ती’ या भारदस्त प्रतिशब्दाने येथे काहीच कळत नाही. प्रकरण दफ्तराचे होते. वाडा कितीही ऐसपैस असो, आल्यागेल्याची नोंद करायची वही दोनशे पानांचीच असेल आणि नोंदीवाचून आत प्रवेश नसेल, तर पाने संपली की पाहुण्याला दारातच थांबावे लागणार. ६४ मेगाबाइट म्हणजे ६४ किलोबाइटच्या १,०२४ पट. परंतु वाढवलेली रॅम वाडा मोठा करी, वही नव्हे.

मग वही मोठी का केली नाही? ३२ बिटांचा ८०३८६ प्रोसेसर १९८५ मध्येच आला होता आणि विंडोज ९५ बाजारात आली ती २४ ऑगस्ट १९९५ रोजी. अडचण होती जुन्या प्रोग्रॅमांची. ते १६ बिटांची मांडणी गृहीत धरून लिहिलेले होते आणि ते चालेनासे झाले असते, तर नवी विंडोज कोणी घेतली नसती. म्हणून खिडक्या-मेनूंसारख्या जागा खाणाऱ्या गोष्टी नव्या प्रशस्त कप्प्यात हलवल्या आणि पेन-ब्रशसारख्या किरकोळ वस्तू जुन्याच कप्प्यात राहू दिल्या. या तडजोडीला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. मागच्या पिढीचे लेखन वाचता येत राहावे म्हणून लिपी न बदलण्यासारखाच हा निर्णय होता, आणि त्याची किंमतही तशीच वापरणाऱ्यांनी मोजली.

खरा उपद्रव गळतीचा. काही प्रोग्रॅम घेतलेला ब्रश परत न करताच निघून जात. ३२ बिटांचा प्रोग्रॅम बंद झाला की विंडोज ९५ त्याच्या मागची झाडलोट करी. १६ बिटांच्या प्रोग्रॅमांची मात्र ती करीत नसे. कारण एकाने घेतलेली वस्तू दुसरा वापरत असण्याची शक्यता होती. असे सगळे प्रोग्रॅम बंद झाल्यावरच सफाई होई. संगणक बंद करून पुन्हा चालू करा, या सल्ल्याला पुष्कळ जण हसत. त्यामागे असे सयुक्तिक कारण होते.

दोष शोधण्याचे साधन विंडोजमध्येच होते : रिसोर्स मीटर. त्यातील ‘सिस्टिम’चा आकडा म्हणजे इतर दोहोंतील लहान आकडा, दोष कोठे, हे कळायला ‘यूजर’ आणि ‘जीडीआय’ स्वतंत्रपणे पाहावे लागत. संगणक सुरू होताच टक्केवारी पाहायची, मग एकेक प्रोग्रॅम उघडून बंद करायचा. बंद केल्यावरही आकडा वर येत नसेल, तर संशयित सापडला. आरंभीच टक्केवारी कमी असेल, तर घड्याळाशेजारी आपोआप येऊन बसलेली चित्रे तपासायची. विंडोज ९८ मध्ये ‘एमएसकॉन्फिग’मधून ती एकेक करून थांबवता येत.

मराठी अक्षरजुळणीशीही या आकड्याचा धागा जुळतो. या कार्यप्रणालींत युनिकोड देवनागरीची सोय नव्हती. श्री-लिपीसारखी पॅकेजे आणि त्यांचे ढीगभर फॉन्ट यांवर काम चाले. फॉन्टांच्या यादीलाही ६४ किलोबाइटचेच कुंपण होते. साधारण हजारेक फॉन्ट झाले की यादी भरे.

१९९३ च्या विंडोज एनटीत हे कप्पे नव्हते. तिचाच वारसा घेऊन २००१ मध्ये एक्सपी घरोघरी आली आणि ११ जुलै २००६ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ चा आधार काढून घेतला. तरी वही सर्वस्वी गेलेली नाही. एनटीच्या या घराण्यात एका प्रोग्रॅमला जीडीआयच्या १०,००० वस्तूच घेता येतात, आणि एका सत्रातील सर्व प्रोग्रॅमांनी मिळून घ्यायच्या वस्तूंची मर्यादा आहे ६५,५३६.