श्री. नरसय्या आडम व कुंभारीचीं घरें

दक्षिण सोलापूर तालुक्याचें नांव संशोधकांस परिचित आहे तें भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० च्या मराठी शिलालेखामुळें. आम्ही राहतों तें मंद्रूप याच तालुक्यांत सोलापूर-विजापूर रस्त्यावर आहे. याच तालुक्यांतील कुंभारीच्या शिवारांत विडी कामगार स्त्रियांची जी मोठी वसाहत उभी राहिली, तिचाही इतिहास लिहून ठेवण्याजोगा आहे. तिचे प्रवर्तक श्री. नरसय्या आडम, सोलापूरकरांचे ‘आडम मास्तर’, हे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे व ‘सिटू’ या कामगार संघटनेचे पुढारी. सोलापूर शहरानें त्यांस १९७८, १९९५ व २००४ सालीं विधानसभेवर निवडून दिलें. कामगारांचा पुढारी आमदार झाला म्हणजे त्याचें मूळ कार्य सुटलें, असा समज रूढ आहे. प्रस्तुत चरित्रास तो लागू पडतो काय, हें पाहणें हा या टिपणाचा हेतु.

सोलापुरांत कामगार-चळवळ वाढली ती गिरण्यांच्या दारांत. जुनी गिरणी १८७७ सालीं सुरू झाली. आणि १९३० च्या लष्करी कायद्यानंतर फांशीं गेलेल्या चौघां हुतात्म्यांपैकीं कुर्बान हुसेन हे कामगारांचेच पुढारी होते. गिरणींत हजारों माणसें एका छपराखालीं राबत. काम बंद पडलें कीं मालक अडत असे. विडीचा धंदा तसा नाहीं. कारखानदाराकडून तेंदूचीं पानें, तंबाखू व दोरा घेऊन बाई घरीं येते, पानें भिजवून कापते, विड्या वळते व मोजून देते. मजुरी हजारी दरानें. खराब ठरवून बाजूस काढलेल्या विड्यांची मजुरी बुडते. तात्पर्य, तिचें घर हाच तिचा कारखाना. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानें घरीं होणारें हें काम कायद्याच्या कक्षेंत आणलें. १९७६ च्या कायद्यांनीं विडीवरील उपकरांतून कल्याण निधि उभारला व त्यांत घरांसाठींही तरतूद झाली. म्हणजे घराची मागणी ही येथें मजुरीच्या मागणीहून निराळी नव्हे. परंतु जमीन, अनुदान, रस्ता व पाणी या गोष्टी संप करून मालकाकडून मिळणाऱ्या नव्हेत. त्या सरकारदरबारींच मिळावयाच्या. म्हणून संघटनेची वाट विधानसभेकडे वळली, असें आमचें मत आहे.

कुंभारीची पहिली वसाहत १०,००० घरांची. वारली आदिवासींच्या लढ्याच्या पुढारी गोदावरी परुळेकर यांच्या नांवें स्थापिलेल्या महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्थेनें ती उभारली. केंद्र सरकार, राज्य सरकार व स्वतः कामगार स्त्रिया अशा तिघांचा पैसा तींत पडला. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्तें घरें देण्यांत आलीं. दुसरी वसाहत रे नगर. संकल्प ३०,००० घरांचा. तींत विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरावेचक इत्यादि असंघटितांचाही समावेश आहे. ९ जानेवारी २०१९ रोजीं तिची पायाभरणी व १९ जानेवारी २०२४ रोजीं १५,००० घरांचें लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें झालें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. २००९, २०१४, २०१९ व २०२४ या चारही निवडणुकींत श्री. आडम पराभूत झाले. म्हणजे रे नगर उभें राहिलें तें ते आमदार नसतांना. शिवाय २०१९ च्या समारंभांत विरोधी पक्षाच्या पंतप्रधानांची स्तुति केल्याबद्दल त्यांच्या पक्षानें त्यांस केंद्रीय समितींतून तीन महिने निलंबित केलें. पक्षाची शिस्त व घरांची निकड यांमधील हा ताण त्यांच्या चरित्रांतून वगळतां येणार नाहीं. यावरून असें दिसतें कीं, आमदारकीनें दरबाराची वाट दाखविली. परंतु त्या वाटेवर चालण्याचें बळ संघटनेचें होतें. मतदारांनीं जागा काढून घेतल्यावरही काम थांबलें नाहीं, याचें कारण हेंच.

आतां संग्राहकांस एक विनंति. वतनाची सनद आपण रेशमी रुमालांत बांधून ठेवतों. विडी कामगार स्त्रीचें ओळखपत्र, तिच्या मजुरीचें पुस्तक, गृहनिर्माण संस्थेची भागाची पावती, मोर्च्याचें पत्रक, हे कागद त्याच जातीचे आहेत; कोण कोणत्या हक्कानें कोठें राहिलें, हें तेच सांगतात. हलक्या कागदाचें आयुष्य थोडें. मूळ कागद मालकिणीपाशींच राहूं द्यावेत, परंतु त्यांच्या नकला आजच करून घ्याव्यात. शिलालेख हजार वर्षें टिकला. हे कागद तितके टिकणार नाहींत.