रांजण, होडी आणि तात्यांचा पास

इतिहासाचा आणि माझा संबंध दहावीला बेचाळीस गुणांवर सलोख्याने संपला होता. पुढे मी कॉमर्सला गेलो, बँकेत चिकटलो, आणि 'मागील बाकी पुढे ओढली' यापलीकडे भूतकाळाशी माझा काही व्यवहार उरला नाही. असा मी गेल्या उन्हाळ्यात एकाएकी शिलालेखांची पुस्तके उघडून बसू लागलो. बायकोला वाटले, साखर डोक्यात गेली. वास्तविक याला कारण आमच्या वरच्या मजल्यावरचे तात्या आणि त्यांचा पास.

झाले असे, की डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडा वाचला आणि "रोज चाला" असा हुकूम सोडला. आमच्या वसाहतीमागे एक डोंगर आहे. भूगोलाच्या दृष्टीने ती टेकडीच, पण सकाळी सहा वाजता चढणाऱ्याला भूगोल आठवत नाही. ही टेकडी सरकारी राखीव जंगलातली. पायथ्याशी गेट, गेटशेजारी खोके, खोक्यात पहारेकरी आणि खोक्यावर दरपत्रक. माणशी इतके, गाडीला इतके, कॅमेऱ्याला इतके. रोज चालणाऱ्यांसाठी वर्षाचा पास, त्यावर फोटो.

मी पास काढायला निघालो तर तात्यांनी जिन्यातच अडवले. तात्या पेन्शनर. आयुष्यभर त्यांनी आगपेटीतल्या काड्या मोजल्या आहेत.

"दोन पास कशाला? माझा आहे ना! सोमवार, बुधवार, शुक्रवार तू जा. मंगळवार, गुरुवार, शनिवार मी जातो. रविवारी डोंगराला सुट्टी."

"पण तात्या, फोटो तुमचा आहे."

"त्या फोटोत मी तरी कुठे आहे?"

हे मात्र खरे होते. चष्मा आणि मिशी असलेला कोणताही दुःखी गृहस्थ त्या फोटोत खपला असता. शिवाय बँकेत रोज मी जोडखाती हाताळतो. त्यांवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असे लिहिलेले असते, म्हणजे दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो. जे खात्याला चालते ते पासाला का चालू नये? सदसद्विवेकबुद्धी अशी गप्प करून मी तीन आठवडे तात्यांच्या नावाने चाललो. साखरही त्यांच्याच नावाने उतरली असावी, कारण माझी काही उतरली नाही.

चौथ्या सोमवारी पहारेकऱ्याने पास हातात घेतला, फोटो पाहिला, मला पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, पास एकाचा आहे. पाय मला चार दिसतात."

चोर पकडला गेला की तत्त्वज्ञ होतो. मीही झालो. हा डोंगर काय कोणाच्या खाजगी मालकीचा आहे? सार्वजनिक जागेत शिरायला पैसे कसले? आम्ही इन्कमटॅक्स भरतो (भरतो कसला, पगारातूनच कापून घेतात). कोणत्या नियमाने अडवता, तो नियम दाखवा! मागे रांग लागली होती, आणि रांग पाहिली की काउंटरच्या आतल्या माणसालासुद्धा वक्तृत्व सुचते.

तेवढ्यात आतून एक म्हातारी आली. डोक्यावर वाळक्या काटक्यांची मोळी. डोंगरामागच्या पाड्यावरची असावी. छोट्या दारात मी उभा, म्हणून ती अडकली. एरवी पहारेकरी रोज तिच्याकडे न पाहिल्यासारखे करीत असावा आणि ती न पाहिल्यासारखी जात असावी. पण माझ्या भाषणाने त्याच्यातला नियम जागा झाला.

"मावशी, थांबा. साहेब नियम विचारतायत. तुमच्याकडं कागद काय आहे?"

म्हातारीने मोळी खाली ठेवली. "कागद? माजी सासू हितनंच लाकडं न्यायची. तिला कुनी न्हाई इचारला कागद."

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. बँकेत फॉर्म चुकलेला माणूस पाहतो तसे. माझे वक्तृत्व तिथेच संपले. मी मुकाट्याने त्या दिवसाचे तिकीट फाडले, "चूक माझी, यांना जाऊ द्या" म्हणालो, आणि पहारेकऱ्याने मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली.

तिकीट फाडले तरी अपमान शिल्लक होता. वर्तमानपत्राला 'डोंगर कोणाचा?' असे सणसणीत पत्र लिहायचे मी ठरवले. पत्राला पुरावे हवेत, म्हणून संध्याकाळी वाचनालयात जाऊ लागलो. पूर्वी सगळे कसे मोकळे होते, हे मला सिद्ध करायचे होते.

पहिल्याच दिवशी नाणेघाट आडवा आला. सोपारा-कल्याण बंदरांतून जुन्नरकडे चढणारी ही सातवाहनांची, दोन हजार वर्षांपूर्वीची वाट. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांच्या दक्षिणेत किती गायी, किती हत्ती, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली, हे त्यात आकड्यांनिशी नोंदवले आहे. आणि घाटमाथ्यावर आहे एक भला मोठा दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात. म्हणजे लेण्यात खर्चाची वही आणि बाहेर कॅश काउंटर! 'पुढच्या खिडकीवर जा' नाही, 'सर्व्हर बंद आहे' नाही. नाणे टाका आणि चालू लागा. बँकवाला म्हणून ऊर भरून आला, पण पत्रलेखक म्हणून मी पहिल्याच फेरीत हरलो.

मग कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडले. तिथे तर पास देणारा स्वतंत्र अधिकारीच निघाला, मुद्राध्यक्ष. एक माषक घेऊन तो मुद्रा द्यायचा. मुद्रा नसेल तर बारा पण दंड, आणि खोटी मुद्रा निघाली तर त्याहून मोठा. तात्यांचा पास यांपैकी कोणत्या कलमात बसतो, हे मी घाईघाईने पान उलटून टाळले.

पुढच्या पानांत मात्र निराळाच मजकूर होता. नदीच्या उतारावर होडीचे पैसे कोणाकडून घ्यायचे नाहीत, याची यादी. ब्राह्मण, संन्यासी, बालक, वृद्ध, आजारी, राजाचा निरोप्या आणि गर्भवती स्त्री. यांना मुद्रा दाखवून फुकट पलीकडे जाऊ द्यावे. (यादीत ब्राह्मण पहिला आहे, यावरून यादी कोणी केली असेल हे ओळखायला इतिहासकार लागत नाही.) पण बाकीची यादी पाहा. इतका कठोर माणूस, पण दार बांधतानाच त्याने विचारले होते की हे कोणासाठी उघडे ठेवायचे.

हे घरी सांगितले तेव्हा तात्या चहाला आले होते. "वृद्ध म्हणजे मी," ते आनंदाने म्हणाले, "आणि आजारी म्हणजे तू. दोघेही फुकट!"

"म्हणजे पैसे भरायला मी एकटीच उरले," असे म्हणून बायको बशा उचलून आत गेली.

यानंतर मला भेटला उषवदात. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने जे कोरून ठेवले ते वाचून मी वाचनालयात मोठ्याने "वा!" म्हणालो आणि ग्रंथपालांचा रोष ओढवला. या गृहस्थाने ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. २००० दरमहा शेकडा एक दराने, १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुदलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. मी पेन्सिलीने ताळा केला. २००० वर शेकडा १२ म्हणजे वर्षाला २४०, आणि २० गुणिले १२ म्हणजेही २४०. एक कवडी इकडे नाही की तिकडे नाही. आमच्या शाखेत ३१ मार्चला रात्री अकरापर्यंत हे जमत नाही.

त्याच लेण्यात त्याचे आणखी एक पुण्य नोंदवले आहे. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहाणुका या नद्यांवर त्याने होड्या ठेवून लोकांना फुकट उतार करून दिला. इकडे घाटावर जकातीचा रांजण, तिकडे नदीवर मोफत होडी. सातवाहन आणि क्षत्रप एकमेकांचे हाडवैरी, पण मला वाटते दोघांचा मिळून एक पुरा हिशोब होतो. व्यापाराचा बैल माल लादून नफ्यासाठी घाट चढतो, त्याने रांजणात नाणे टाकावे. पलीकडे गेल्याशिवाय ज्याची चूल पेटत नाही, त्याला होडी फुकट असावी. होडीही फुकट चालत नाहीच, तिचे पैसे कोणीतरी भरतोच. प्रश्न फक्त कोणी भरायचे एवढाच.

शिवशाहीच्या परंपरेतल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हाच सूर सापडला. आरमाराला लाकूड हवे, पण आंबा-फणसाला हात लावायचा नाही. रयतेने ती झाडे लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावे. बळजबरी नको.

इथवर माझी करमणूक चालली होती. पुढची पाने उलटली आणि ती थांबली.

१८७८ साली इंग्रजांनी जंगलांचा कायदा केला. राखीव, संरक्षित आणि गावजंगल असे तीन वर्ग पाडले. राखीव जंगलात, परवानगी नसेल ते सगळे मना. गवत, पाला, वाळकी काटकी, गुरांची चराई, जे कालपर्यंत वहिवाट होते ते एका सहीने गुन्हा झाले. पाचच वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. जमिनीवर पोट न भरणारा गरीब पूर्वी डोंगरावरची फळे खाऊन, पाने-फुले-लाकडे विकून, गायरानावर गाय-बकरी पाळून कसा जगत असे आणि जंगलखात्याने ते कसे बंद केले, हे त्यांनी त्यात मांडले आहे. तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला ठाणे-कुलाब्याच्या जंगलांसाठी कमिशन नेमावे लागले. कमिशन नेमले की तक्रार मिटली असे समजायची पद्धत तेव्हापासूनची दिसते.

१९३० साली गांधीजींनी मीठ उचलले. जिथे समुद्र नाही तिथल्या लोकांनी काय उचलायचे? त्यांनी गवत उचलले. जुलैमध्ये पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. आणि २५ सप्टेंबरला उरण तालुक्यात चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर शेतकरी-आदिवासी जंगल सत्याग्रहाला जमले, तेव्हा पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही मेले.

मी पुस्तक मिटले. जंगलातले गवत आणि लाकूड आपले आहे एवढेच म्हणायला ती माणसे डोंगर चढली होती. आणि मी दिवसाला एका चहाइतक्या पैशांसाठी, तात्यांची मिशी उसनी घेऊन, त्याच प्रकारच्या गेटवर क्रांती करीत होतो.

पत्र मी लिहिले नाही. कारण माझा मुद्दाच मोडला होता. पैसे घेण्यात काही पाप नाही. पायवाटा नीट ठेवायच्या, वणवा विझवायचा, आमच्यासारख्यांच्या वेफर्सच्या पिशव्या वेचायच्या, तर पैसे लागणारच, आणि हौसेने येणाऱ्याने ते द्यावेत. पण पाटीवर सगळ्यांना एकच नियम लिहिला म्हणजे न्याय झाला असेही नाही. मी त्या डोंगरावर साखर कमी करायला जातो, म्हातारी चूल पेटवायला जाते. मी म्हणालो, "नियम दाखवा," आणि नियम पहिला तिच्यावर पडत होता.

१८७८ ला जे काढून घेतले त्यातले काही परत द्यायचा कायदा आला २००६ साली, वनहक्क कायदा. वनोपज गोळा करण्याचा, गुरे चारण्याचा हक्क त्यात मान्य झाला. मध्ये १२८ वर्षे गेली. बँकेत कोणाच्या खात्यात जमा करायची हे न कळलेली रक्कम आम्ही सस्पेन्स अकाउंटला टाकतो, पण इतकी वर्षे आम्हीसुद्धा ठेवत नाही. त्या कायद्याच्या नियमांत एक गोष्ट वाचून मी उडालोच. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकिगत लिहून काढली, तर तीही दाव्याचा पुरावा धरतात. म्हणजे "माजी सासू हितनंच लाकडं न्यायची," हे गेटवर ज्याला आम्ही दोघांनी मोजले नाही, तसलेच वाक्य एखाद्या शेजारच्या म्हाताऱ्याने सांगून कागदावर उतरवले तर कागद ठरत होते!

दुसऱ्या दिवशी गेटवर म्हातारीला हे सांगितले. ती म्हणाली, पाड्याचा सामूहिक दाव्याचा फॉर्म कधीचा पडून आहे, भरायला कोणी नाही. आयुष्यात प्रथमच मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला. फॉर्म भरणे ही एकच कला मला येते! पुढचे दोन रविवार पाड्यावरचे चार म्हातारे सांगत होते, मी लिहीत होतो, आणि तात्या शेजारी बसून माझ्या वेलांट्या सुधारत होते. दावा ग्रामसभेच्या समितीकडे गेला आहे. पुढे काय होईल ते होवो, पण रकाना एकही रिकामा नाही. म्हातारीने पळसाच्या पानातून करवंदे दिली. मधुमेहाला किती चालतात ते डॉक्टरांना न विचारता मी सगळी खाल्ली.

मग मी माझा स्वतःचा पास काढला. पूर्ण पैसे भरून, पावती घेऊन, नवा फोटो काढून. सोमवारी सकाळी ताठ मानेने तो पहारेकऱ्यापुढे धरला. त्याने फोटो निरखला, मला निरखले, पुन्हा फोटो निरखला आणि मान हलवत म्हणाला,

"साहेब, परत तात्यांचाच आणलात काय?"