काचेच्या पेटीतले अदृश्य कामकरी

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या पात्रात दोन सोनेरी मासे व पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देई. पण तिची पाने कुजून पाणी नासू लागले. तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजके फस्त केले, त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. १८५० साली हा समतोल केमिकल सोसायटीपुढे मांडला गेला.

त्यात एक हिशेब राहिला होता. माशांनी सोडलेला विषारी अमोनिया पचविणारे जंतू तळाशी राबत असतात. असे जंतू विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे काढले.

म्हणून आम्ही कामगार-चळवळीतली माणसे सांगतो: नव्या पेटीत माशांची एकदम गर्दी करू नये, तळची वाळू क्लोरीनयुक्त पाण्याने धुऊ नये. राबणारे मेले, की शोभाही मरते.