मंत्रचळाचं माप

आमची आजी वाईची. सोवळ्यात स्वयंपाक करायची, कुणी चुकून शिवलं की पुन्हा अंघोळ. तिला कधी कुणी आजारी म्हटलं नाही. त्यामुळे सांगलीचा माझा भाचा अकराव्या वर्षी सारखे हात धुवायला लागला तेव्हा घरात सगळे हसले, 'आजीवर गेलाय!' मीही हसलो. त्याची टोचणी अजून आहे.

आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात, इंग्रजीत ओसीडी. पण आजीचं सोवळं आणि हा मंत्रचळ यांतला फरक मोजायचा कसा? गंमत म्हणजे पहिलं नावाजलेलं माप टापटीप घर ठेवणाऱ्या बायकांवरूनच सुरू झालं. लंडनच्या जॉन कूपर यांनी अशा गृहिणींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यातून आलेली 'लेटन' प्रश्नावली १९७० साली छापली गेली. १९८६ मध्ये अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट यांच्या गटाने तिची मुलांसाठी ४४ प्रश्नांची आवृत्ती केली. अडचण अशी, की लक्षणं जितकी जास्त तितके गुण जास्त. एकाच विचाराने दिवस खाल्ला असेल तर तो पोरगा कागदावर बरा दिसायचा!

१९८९ मध्ये वेन गुडमन आणि सहकाऱ्यांनी हे उलटवलं. विचार कसला आहे याला गुण नाहीत. वेळ किती जातो, कामात किती अडथळा येतो, त्रास किती, विरोध किती करता, ताबा किती राहतो, एवढंच. विचारांचे पाच प्रश्न, कृतींचे पाच, प्रत्येकी ० ते ४, एकूण ४०. मुलांसाठीच्या आवृत्तीची ८ ते १७ वयाच्या ६५ मुलांवरची तपासणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मुलाला विचारतात, आईवडिलांनाही.

हे कळल्यावर आजी आठवली. तिचं सोवळं तिच्या दिवसात नीट बसायचं, आणि ती त्यात सुखी होती. हा मात्र नळाखाली रडायचा, शाळेची बस चुकायची.

मिरजेच्या डॉक्टरांनी हेच प्रश्न विचारले. आम्हाला वाटलं, दुखणं हाताचं. पण जास्त गुण विचारांकडे निघाले. नीट धुतलं नाही तर आई मरेल, असं त्याच्या मनात चालायचं. वर्षभर तो कुणाला बोलला नव्हता. दिवसातले किती तास, असं विचारल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला.

"झोपलो की नसतं," म्हणाला.

ताई शेजारीच बसली होती.